कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा! 'कोर्ट', 'फँड्री', 'सैराट' आणि सिनेमाची भाषा

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही किंवा प्रवासात ऐन मोक्याला ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे एपिसोडचं लिखित रूप. मधले 'अं', 'म्हणजे कसं' आणि मागून आलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एक सूचना आधीच. आज आपण 'कोर्ट', 'फँड्री' आणि 'सैराट' या तीन सिनेमांबद्दल बोलणार आहोत, अगदी शेवटच्या सीनसकट. अजून पाहिले नसतील तर आधी बघून या, मग वाचा. हा मजकूर कुठे पळून जात नाही.

[००:५०] 'स्टोरी भारी होती'च्या पुढे

सिनेमा संपल्यावर आपण काय बोलतो? स्टोरी भारी होती. अ‍ॅक्टिंग कडक. सेकंड हाफ जरा ओढला. बस्स. पण एखादा सीन अंगावर का आला आणि दुसरा का नाही, हे विचारलं की आपली गाडी अडकते. कारण सिनेमाची भाषा आपल्याला कळते, पण तिचं व्याकरण कुणी शिकवलेलं नसतं. जसं आपण 'मी गेलो' आणि 'मला जावं लागलं' यातला फरक जन्मापासून जाणतो, पण प्रयोग कोणता ते विचारलं की शाळेतली बाई आठवते.

एक छोटं उदाहरण घेऊ. आई मुलाला विचारते, "जेवलास का?" वाक्य तेवढंच.

पहिला प्रकार : कॅमेरा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, लांब. ओट्यापाशी आई पाठमोरी, छोटीशी दिसते. मुलगा बाहेरच्या खोलीत. मधे अख्खी भिंत.

दुसरा प्रकार : कॅमेरा आईच्या चेहऱ्याजवळ. विचारते आणि उत्तराची वाट बघते. डोळे दिसतात.

तिसरा प्रकार : आई दिसतच नाही. मुलाचा अंगठा मोबाइलवर वर-खाली फिरतोय आणि तिचा फक्त आवाज येतो.

पहिल्यात दुरावा आहे, दुसऱ्यात माया आहे, तिसऱ्यात मुलगा आईला गृहीत धरतोय. लेखकाने एक अक्षर बदललेलं नाही. जे बदललं ते दिग्दर्शकाने बदललं. त्याच्या हातात मोजकी साधनं असतात : कॅमेरा किती लांब, कुठल्या उंचीवर, हलतोय की स्थिर, फ्रेममध्ये काय ठेवलंय, कट कधी केला आणि ऐकू काय येतंय. आजचा एपिसोड एवढ्यावरच आहे.

[०३:००] आधी डिफॉल्ट ओळखा

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला ही गोष्ट अशी सुचते. प्रत्येक सिस्टीममध्ये डिफॉल्ट सेटिंग असतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते चालतं. सिनेमाचंही तसंच. दोन माणसं बोलतायत, तर आधी एक लांबचा शॉट : जागा कोणती, कोण कुठे बसलंय. मग बोलणाऱ्याचा जवळचा शॉट, मग ऐकणाऱ्याचा. भावना वाढली की कॅमेरा आणखी जवळ. रडू आलं की मागे व्हायोलिन. हे डिफॉल्ट. याची आपल्याला इतकी सवय आहे की ते दिसतही नाही.

म्हणून सिनेमा बघताना एक युक्ती वापरायची. या जागी नेहमीचा सिनेमा काय करेल ते मनात म्हणायचं, आणि हा दिग्दर्शक काय करतोय ते बघायचं. जिथे दोन्ही वेगळं निघालं, तिथे थांबायचं. तिथे तो तुम्हाला काहीतरी सांगतोय.

[०४:१०] अंतर : 'कोर्ट'मधला लांब बसलेला कॅमेरा

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. तिथे त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. गोष्ट अशी : नारायण कांबळे हे वयस्क लोकशाहीर. त्यांचं गाणं ऐकून मॅनहोल साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना अटक होते. मग मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला.

कोर्टरूम म्हटलं की आपलं डिफॉल्ट काय? टेबलावर आपटलेला हात, 'ऑब्जेक्शन'ची आरोळी, घामाघूम साक्षीदाराचा क्लोज-अप. 'कोर्ट'मध्ये यातलं काही नाही. छायाचित्रकार मृणाल देसाईचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर आहे. फ्रेममध्ये न्यायाधीश, टाइप करणारा माणूस, फायलींचे गठ्ठे, मागच्या बाकांवर आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं, सगळे एकदम. कुणाकडे बघायचं ते तुम्हीच ठरवा.

आता क्लोज-अप म्हणजे काय, याचा विचार करा. क्लोज-अप हा एक हुकूम आहे : 'याच्याकडे बघ, याला काय वाटतंय ते महत्त्वाचं.' लांबचा शॉट तो हुकूम देत नाही. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा लांब राहिल्यामुळे एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. या व्यवस्थेला कांबळेंच्या चेहऱ्यात रसच नाही. तिच्यासाठी तो एक केस नंबर आहे. हे सांगायला एकही संवाद लागलेला नाही.

मृत कामगाराच्या बायकोची साक्ष आठवा. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं. त्याच्याकडे सुरक्षेचं काही साहित्य नव्हतं. ही माहिती ती सपाट आवाजात, रोजचा हिशेब सांगावा तशी सांगते. नेहमीच्या सिनेमाने इथे तिच्या डोळ्यांवर झूम केला असता आणि मागून सूर लावले असते. आपण रडलो असतो, आणि रडून मोकळे झालो असतो. इथे मोकळं व्हायची सोय ठेवलेली नाही. त्यामुळे तो खडा डोक्यात राहतो.

[०७:२०] उंची आणि रेषा

हा भाग पटकन उरकू, कारण तुम्हाला हे माहीत आहे, फक्त नाव माहीत नसेल. कॅमेरा खाली ठेवून वर बघितलं, म्हणजे लो अँगल, की माणूस मोठा, दरारा असलेला वाटतो. म्हणून हिरोची एंट्री बुटांपासून सुरू होते. वरून खाली बघितलं, म्हणजे हाय अँगल, की तोच माणूस लहान आणि एकटा वाटतो. डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर तो आपल्या बरोबरीचा.

यात एक मेख आहे. लहान मुलांचे सिनेमे मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून शूट केले तर प्रत्येक मूल 'बिच्चारं' दिसतं. कॅमेरा मुलाच्या उंचीवर आणला की मूल गोष्टीचा मालक होतं. फोन खाली धरून तुमच्या भाचरांचा व्हिडिओ काढा, लगेच कळेल.

दुसरा नियम एकशे ऐंशी अंशांचा. दोन माणसं समोरासमोर बसली असतील तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पायची आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. नाहीतर डावीकडे बघणारा अचानक उजवीकडे बघू लागतो आणि प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. फुटबॉलच्या मॅचमध्ये मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच अंगाला असतात. कोणती टीम कुठल्या दिशेने खेळतेय हे म्हणूनच कधी विसरायला होत नाही. पलीकडून रिप्ले दाखवला तर स्क्रीनवर तसं लिहून येतं. सिनेमात लिहून येत नाही. दिग्दर्शकाने ही रेषा मुद्दाम ओलांडली, तर बहुतेक वेळा त्याला तुम्हाला अस्वस्थच करायचं असतं.

[०९:१०] वेळ : फाळक्यांचा वाटाणा आणि 'सैराट'ची विहीर

आता माझा सगळ्यात आवडता भाग. सिनेमा म्हणजे सेकंदाला २४ चित्रं. बोलपट आल्यावर हा आकडा पक्का झाला. चित्रं ज्या वेगाने घेतली त्याच वेगाने दाखवली तर वेळ नेहमीसारखा चालतो. सेकंदाला ४८ घेतली आणि २४ दाखवली तर एका सेकंदाचे दोन होतात. तेच स्लो मोशन. उलट, कमी घेतली आणि २४ ने दाखवली तर वेळ पळतो.

ही उलटी बाजू आपल्याकडे कुणी वापरली असेल? दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे आपण शाळेत वाचलंय. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, पैसे घालायला कुणी तयार व्हावं म्हणून फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर बी फुटलं, कोंब आला, वेल वर चढला, मिनिटभरात. फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. आज तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण आहे ना, तेच हे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर. देव, राक्षस, राजे यांच्या आधी आपल्या सिनेमाने एक वाटाणा दाखवला. 'मी वेळ वाकवू शकतो', हेच फाळके त्या सावकारांना सांगत होते.

आता १०४ वर्षं पुढे या. २०१६, नागराज मंजुळेचा 'सैराट'. पूर्वार्धात परश्या प्रेमात पडलाय आणि त्याच्याबरोबर कॅमेराही प्रेमात पडलाय. करमाळ्याकडचा तो माळ, उसाची शेतं, आकाशभर पाखरं, विहिरीत घेतलेली उडी. स्लो मोशन भरपूर. अजय-अतुलचं संगीत, आणि त्यासाठी थेट हॉलिवूडच्या स्कोअरिंग स्टेजवर वाजवलेली सिम्फनी. चारही गाणी पूर्वार्धात संपतात.

कित्येकांनी तेव्हा तक्रार केली होती, की मंजुळे पण शेवटी गाण्यांच्या सिनेमावर आला. पण उत्तरार्धाकडे बघा. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून जातात. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, नळावरचं पाणी, संशय, भांडण. इथे एकही गाणं नाही. वेळ पुन्हा सेकंदाला सेकंद चालायला लागतो. म्हणजे स्लो मोशन ही नुसती सजावट नव्हती. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला प्रेमात जग कसं दिसतं, त्याचं ते वर्णन होतं. आणि ते बंद होणं म्हणजे संसार सुरू होणं. आपल्याला 'सेकंड हाफ स्लो आहे' असं वाटतं, तेव्हा खरं म्हणजे स्लो मोशन संपलेलं असतं. गंमत आहे की नाही?

[१३:००] चौकट : फ्रेममध्ये काय ठेवलंय

कॅमेऱ्यासमोर जे काही दिसतं, भिंतीचा रंग, कपडे, उजेड, मागे कोण उभंय, ते सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. जे आपोआप आलंय असं वाटतं, तेसुद्धा कुणीतरी 'राहू दे' म्हटलेलं असतं.

'फँड्री' घ्या. मंजुळेचा पहिला मोठा सिनेमा, २०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला थिएटरमध्ये आलेला. जब्या हा गावकुसाबाहेरच्या कैकाडी कुटुंबातला पोरगा. शाळेत शिकतो, वर्गातल्या शालूवर जीव टाकतो. गावात डुकरांचा त्रास झाला की ती पकडायचं काम त्याच्या बापावर येतं, आणि ते सगळ्यांसमोर करायची जब्याला मरणाची लाज वाटते.

शेवटच्या भागात ती डुकराची पकडापकडी शाळेजवळच होते. अगदी पकडणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात. सगळी माणसं पुतळ्यासारखी, आणि फ्रेममध्ये हलणारी एकच गोष्ट म्हणजे ते डुक्कर, जे आरामात निघून जातं. थिएटरमध्ये इथे हशा पिकतो. मग तो हशा घशात अडकतो. कारण ज्या देशाच्या गाण्यासाठी हे कुटुंब थांबलं, तो देश त्यांच्यासाठी कधी थांबला होता, हा प्रश्न हळूच येऊन शेजारी बसतो. इथे साधन कोणतं वापरलंय? फक्त हालचाल आणि स्थिरता. आपला डोळा नेहमी हलणाऱ्या गोष्टीकडे जातो, एवढ्याच नियमावर हा सीन उभा आहे.

थोड्या वेळाने डुक्कर पकडलं जातं. काठीला उलटं बांधून घरचे ते खांद्यावरून नेतात आणि शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं रंगवलेली आहेत, बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही झेडपीच्या शाळेत दिसते तशी भिंत. कुणी काही बोलत नाही. पुढे ओझं वाहणारी माणसं, मागे ती चित्रं. दोन्ही एकाच चौकटीत आहेत एवढंच. याच जागी एखाद्या पात्राच्या तोंडी भाषण घातलं असतं तर आपण टाळी वाजवून विसरलो असतो.

उजेडाबद्दल एकच उदाहरण देतो. अविनाश अरुणचा 'किल्ला'. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या छोट्या गावी येतो. आपल्या डोक्यातलं कोकण म्हणजे ऊन, माड, निळा समुद्र, पर्यटनाचं पोस्टर. 'किल्ला'तलं कोकण पावसाळी, करडं, ओलं आहे. पोरगं मनातून जसं आहे तसं आभाळ आहे. दिग्दर्शक स्वतःच छायाचित्रकार असल्याचा हा फायदा.

[१७:००] कट : दोन तुकडे जोडले की तिसरा अर्थ

रशियात १९२० च्या आसपास लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, पण त्याचा विद्यार्थी पुदोव्किन याने तो लिहून ठेवलाय. मॉझुखिन या नटाचा एक भावहीन चेहरा घेतला. त्याला आधी सुपाच्या वाडग्याचा शॉट जोडला, मग शवपेटीतल्या मृत व्यक्तीचा, मग आणखी एका वेगळ्या दृश्याचा. चेहऱ्याचा शॉट प्रत्येक वेळी तोच. प्रेक्षक म्हणाले, काय नट आहे! भूक काय दाखवतो, दुःख काय दाखवतो!

नटाने काहीच दाखवलं नव्हतं. भूक आणि दुःख प्रेक्षकाने स्वतःच्या घरून आणलं होतं. दोन तुकडे शेजारी ठेवले की मधला अर्थ आपण भरतो. एडिटिंग म्हणतात ते याच्यावर चालतं.

मग कट न करणं हाही निर्णय होतो. पुन्हा 'कोर्ट'कडे जाऊ. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. कामकाज संपतं, माणसं निघून जातात. डिफॉल्ट काय? इथे कट. गोष्ट संपली. पण कॅमेरा जागचा हलत नाही. खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो, दार बंद होतं, अंधार. आपल्याला वाटतं सिनेमा संपला. कांबळेंचं काय झालं? काही नाही झालं, ते आत आहेत आणि कोर्ट बंद आहे.

आणि मग सिनेमा पुन्हा सुरू होतो. न्यायाधीश साहेब कुटुंबासह रिसॉर्टवर सहलीला. गप्पा, जेवण, मग बाकावर डुलकी. मुलं येऊन ओरडून त्यांना दचकवतात, ते त्यातल्या एकाला थोबाडीत मारतात. पोरगं रडत जातं. साहेब परत झोपी जातात. समाप्त. ताम्हाणेने त्या अंधारावर सिनेमा संपवला असता तर आपण 'व्यवस्था वाईट' म्हणून घरी गेलो असतो. त्याने एक कट जास्त केला आणि व्यवस्थेला एक चेहरा दिला, झोपलेला, चारचौघांसारखा. आपल्या ओळखीचे काका वाटावेत असा.

[२०:३०] आवाज : न ऐकू येणारं रडणं

आवाज दोन प्रकारचा. एक गोष्टीच्या आतला, जो पात्रांनाही ऐकू येतो : रिक्षाचा हॉर्न, टीव्ही, शाहिराच्या डफाचा ठेका. दुसरा फक्त आपल्याला ऐकू येणारा : पार्श्वसंगीत. 'कोर्ट'मध्ये संगीत आहे, संभाजी भगत यांचं, पण ते मंचावर गायलं जातं. भावना वाढवायला मागून सूर येत नाहीत. 'सैराट'मध्ये उलट, पूर्वार्ध मागच्या सुरांनी ओसंडून वाहतो.

म्हणूनच 'सैराट'चा शेवट असा आदळतो. आर्चीचा भाऊ आणि माणसं माहेरची भेट घेऊन येतात. ती चहा करते. पोरगं शेजारणीबरोबर बाहेर आहे. काय घडतं ते आपल्याला दिसत नाही. शेजारीण पोराला दाराशी सोडते, ते दुडूदुडू आत जातं. मग आपण बघतो. पोरगं रडत बाहेर चालू लागतं, फरशीवर लाल पावलं उमटत जातात. आणि आवाज नाही. अजिबात नाही. रडणारं तोंड दिसतं, रडणं ऐकू येत नाही.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर हे काय आहे? आवाजाचा ट्रॅक शून्यावर आणलाय. बस्स. पण ज्याने दीड-दोन तास आपले कान सुरांनी भरले, त्यानेच ते रिकामे केल्यामुळे ती शांतता ऐकू येते. सुरुवातीपासून शांत असलेल्या सिनेमात हा परिणाम मिळाला नसता. झिंगाटवर थिएटरमध्ये खुर्च्यांसमोर नाचलेली पब्लिक शेवटी गपगार बाहेर पडायची, ती यामुळे. मंजुळेने आधी आपल्याला वरातीत सामील करून घेतलं, मग विचारलं, आता काय?

[२३:१०] दगड

राहिलं एक शेवटचं साधन : नजर. पात्रांनी कॅमेऱ्यात बघायचं नाही, हा सिनेमाचा जुना अलिखित करार. पात्राने बघितलं की प्रेक्षकाला कळतं, अरे, यांना आपण दिसतोय.

'फँड्री'त ती पकडापकडी चालू असताना गाव तमाशा बघायला जमतं. लोक हसतात, टोमणे मारतात, शालूसुद्धा बघत असते. आता जरा आठवा, आपण कुठे होतो? आपणही बघतच होतो. अधूनमधून हसलोही होतो. सिनेमाने आपल्याला त्या गर्दीतच उभं केलं होतं, फक्त आपलं तिकीट होतं.

शेवटी जब्याची सहनशक्ती संपते. तो दगड उचलून चिडवणाऱ्यांवर भिरकावू लागतो. आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. पडदा काळा. तो दगड त्या टवाळ पोराला लागला की आपल्याला? दोघांनाही, कारण कॅमेरा दोघांच्या जागी उभा होता. इतका वेळ आपण जे अंतर सुरक्षित समजत होतो, ते एका शॉटमध्ये संपलं.

[२५:००] हे सगळं फोनवाल्यांनी का शिकायचं?

एका श्रोत्याचा प्रश्न होता : 'आम्ही काय डायरेक्टर होणार आहोत का?' नसाल होणार. पण तुम्ही रोज व्हिडिओ बघता, पुढे पाठवता आणि स्वतः काढताही. वर सांगितलेलं प्रत्येक साधन तिथे वापरलं जातं, फक्त खाली दिग्दर्शकाचं नाव नसतं.

कुलेशोव्हचा प्रयोग आठवा. नेत्याचा हसरा चेहरा, त्याला जोडून कुठल्या तरी अपघाताचं दृश्य. तो केव्हा हसला, कशावर हसला, माहीत नाही. पण आपण अर्थ भरला आणि राग आला. रिअ‍ॅक्शनचे अर्धेअधिक व्हिडिओ याच युक्तीवर चालतात.

उभी चौकट बघा. फोन उभा धरला की दोन्ही बाजूंचं जग कापलं जातं. मारणारा दिसतो, भोवतीचे पन्नास बघे दिसत नाहीत. किंवा रडणारी बाई दिसते, समोर कोण उभंय ते दिसत नाही. 'कोर्ट'चा कॅमेरा लांब बसून सगळी खोली दाखवतो, त्याच्या नेमकं उलट.

आणि सुरुवात-शेवट. पंधरा सेकंदांची क्लिप पहिल्या थपडेपासून सुरू होते की दुसऱ्या, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. पहिली कापली की मारणारा आणि मार खाणारा अदलाबदल होतात. त्यात एक शब्द खोटा नसतो, एक फ्रेम बनावट नसते, तरी क्लिप खोटं बोलते. खाली एखादं गाणं चढवलं की आपण विचार करायच्या आधी हळवे होतो किंवा पेटतो. अशा क्लिपांवरून गावोगाव माणसांना धरून मारल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. तिथे हे व्याकरण येणं हा छंद राहत नाही.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. चौकटीबाहेर कोण असेल? पहिल्या फ्रेमच्या आधी काय घडलं असेल? आणि आवाज बंद केला तरी मला हेच वाटेल का? दहा सेकंद लागतात.

[२७:४०] गृहपाठ

एक : आवडत्या सिनेमातला कुठलाही तीन मिनिटांचा सीन आवाज बंद करून बघा. प्रत्येक कटला बोट मोडा. मग तोच सीन डोळे मिटून फक्त ऐका. तिसऱ्यांदा नीट बघाल तेव्हा तो वेगळा सीन वाटेल.

दोन : वर दिलेलं 'जेवलास का?' घरी शूट करा. तीन जागी कॅमेरा, एकच वाक्य. आईला सांगा अ‍ॅक्टिंग करायची नाही, नेहमीसारखंच विचारायचं. ती तसंही नेहमीसारखंच विचारेल, आणि उत्तर न देता फोन धरून उभे राहिलात म्हणून बोलणीही खाल. तेवढं ठेवा, कापू नका.

तीन : 'कोर्ट' किंवा 'फँड्री' पुन्हा बघा, आणि या वेळी फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्या. सीन संपल्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो आणि त्या जादा वेळात फ्रेममध्ये कोण उरतं. जे उरलेलं दिसेल ते आम्हाला लिहून पाठवा. निवडक उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवू. पुढचा विषय आहे आवाज, म्हणजे फोली. सिनेमातल्या पावलांचा आवाज खऱ्या पावलांचा का नसतो, ते तेव्हा सांगतो.

तोपर्यंत बघत राहा, आणि बघताना कॅमेरा कुठे ठेवलाय तेही बघा. भेटू!